दोऱ्याचं दुसरं टोक

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २२ जानेवारी १९३४

शरणप्पा,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही, मुद्दामच लिहिला नाही. आधी सगळं वाच, मग तो द्यायचा की नाही ते मी ठरवीन.

अक्षर बघून हसू नकोस. तूच शिकवलेलं आहे. अप्पा मला शाळेत घालेनात, तर तू शाळेतून आलास की स्वतःच मास्तर व्हायचास आणि मला चुलीपुढं पाटी घेऊन बसवायचास. चुकलं की फुंकणीनं मारायचास. थोरल्या बहिणीला! त्या फुंकणीचा राग अजून गेला नाही म्हणून एवढी वर्षं पत्र लिहिलं नाही, असं समज.

परवा गड्ड्याची जत्रा झाली. नंदीध्वजांच्या उंच काठ्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा अव्वाला मी धरून कट्ट्यावर उभी केली. ही गर्दी, वाजंत्री, हर्रचा गजर. अव्वानं हात जोडले, मान वर केली, ओठ हलायला लागले. आणि तोंड कुणीकडं? रेवणप्पाच्या दुकानाच्या भिंतीकडं. नंदीध्वज तिच्या पाठीमागून चालले होते. मी खांदे धरून तिला फिरवलं. "कळलं गं मला," ती म्हणाली, "आवाज भिंतीवर आपटून आला, म्हणून फसले." आणि हसली. मला मात्र आपल्या आईची ती दशा बघून तिथंच रडू कोसळलं. जत्रेत रडणारी बाई म्हणून सगळी गल्ली बघत होती.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा झालाय. डाव्यातही उतरत आलाय. शिवदोरे वळायचं तर केव्हाच सुटलं. गल्लीत मूल जन्मलं की त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला दोरा अव्वाच्याच हातचा पाहिजे, असं असायचं की नाही? आठवतं का तुला? सुताचे पदर अंगणभर ताणायचे, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. दोघांनी दोन्हीकडून पीळ द्यायचा आणि अव्वा मधे बोट घालून तो दुमडायची. तू नेमका तेव्हाच टोक सोडायचास. सगळा पीळ गुरगुटून गोळा व्हायचा, अव्वा ओरडायची आणि तू खिदळत मठापर्यंत पळत सुटायचास. अजून मी अंगण झाडायला लागले की तुझं ते खिदळणं ऐकू येतं.

आता मुद्दा. होळीच्या सुमारास तो सुईवाला वैद्य दरसाल देवळापाशी येऊन बसतो. सुईनं मोतीबिंदू मागं ढकलतो आणि मोकळा होतो. अव्वा म्हणते, "त्याच्याकडून करून घेते. तो गळ्यातलं लिंग काढ म्हणत न्हाय." शेजारच्या अंबुबाईच्या भावाचा, कुंडलिकचा डोळा त्यानंच घालवला. आधी दोन दिवस दिसलं, मग डोळा पिकला आणि गेला. तरी अव्वाचं आपलं एकच.

मठाच्या आवारात फुकट दवाखाना आहे. तिथं कल्लप्पा डॉक्टर रोज सकाळी बसतात. माणूस सोन्यासारखा, पण ताप-खोकल्याचा. डोळ्यांचं काही निघालं की चिठ्ठी लिहितात, 'मुंबईस न्यावे'. लोक ती चिठ्ठी देवाजवळ ठेवतात आणि आंधळे होतात. मुंबईला कोण नेणार? तिथं कोण यांची भाषा बोलणार? कोण भाकरी देणार? तू एवढा डोळ्यांचा डॉक्टर, साहेबाच्या हाताखाली शिकलेला. त्यांना मुंबईस न्यायचं, त्यापेक्षा तू एकटा इकडं ये की! गाडी कुर्डुवाडीवरून थेट येते, कुठं बदलायचीही नाही.

तुझी अक्का
गौरम्मा


ता. ९ फेब्रुवारी १९३४

धाकट्या तम्मा,

पोस्टमननं तुझं पाकीट दिलं तेव्हा माझे हात पिठाचे होते, तसंच फोडलं. म्हणजे तू जिवंत आहेस!

पण काय रे ते पत्र! बहिणीला पत्र आहे की मुन्सिपाल्टीची नोटीस? खोलीला चुना द्या, उत्तरेकडं खिडकी पाहिजे, पाणी उकळा, फडकी उकळा, डोक्याच्या दोन बाजूंना लावायला वाळूच्या पिशव्या शिवा. शेवटी, 'गळ्यात काहीही चालणार नाही, कपाळाला विभूती चालणार नाही. मागच्या वेळी अव्वा टेबलावरून उठून निघून गेली, साहेबासमोर मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. पुन्हा तो तमाशा नको.'

वाचून दाखवलं तेव्हा अव्वा सूप घेऊन बसली होती. तांदूळ निवडत होती. निवडत कसली, नुसती बोटं फिरवत होती.

तमाशा म्हणतोस. अर्धी आंधळी बाई तुझ्या मुंबईहून एकटी गाडीत बसून आली. वाटेत पाण्याला कुणाकडं तोंड उघडलं नाही. टांगेवाल्यानं दारात आणून सोडली तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "शरणा बरा हाय. तब्येत सुधारलीय." त्याच्यावर आजतागायत एक शब्द नाही. आणि तुझी अब्रू गेली! लई मोठी अब्रू तुझी.

असो. भांडायला नंतर आयुष्य पडलंय. कल्लप्पा डॉक्टरांना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "गौरक्का, खोलीचं जमेल. लिंगाचं तुम्ही बघा." खोली म्हणजे औषधांच्या बाटल्यांमागची, मठाची धान्याची कोठी. ती रिकामी केली. उंदरांनी लई शिव्या दिल्या असतील आम्हाला. अंबुबाईनं चुना मारला, खोलीपेक्षा तिच्या लुगड्यालाच जास्त लागला. तिच्याही डोळ्यात मोतीबिंदू आहे. ती म्हणते, "मला दिसत न्हाय म्हणून कोपरे राहिले, पोरगं आलं की डोळे करंल आणि मग मीच पुन्यांदा मारीन."

आता अव्वाची अट ऐक. ती म्हणते, "मी एकटी पडणार न्हाय. मुंबईला एकटीच पडले होते. हितं गल्लीतल्या बाया माझ्या शेजारी असतील तर झोपते." आणि नुसतं म्हणून थांबली नाही. काठी घेऊन अंबुबाईच्या खांद्यावर हात ठेवून दारोदार हिंडली. एक आंधळी दुसरीला धरून चाललेली बघून पोरंसोरं मागं लागली. पण बाया तयार केल्या की तिनं! घराघरातून निघाल्या. जेवणाचं मी बघणार. ज्याची त्याची भाकरी ज्याच्या त्याच्या घरून येईल, म्हणजे कुणाच्या हातचं चालत नाही ही कटकट नको.

लिंगाचं मात्र कुणी ऐकेना. गळ्यातलं काढायचं म्हटलं की सगळ्या उठून उभ्या. मी सांगून सांगून थकले. तू असं कर, त्या एका गोष्टीवर थोडा विचार कर. एवढंच.

तुझी अक्का


ता. २ मार्च १९३४

शरणा,

लिंगाबद्दलचा तुझा नकार पोचला. वाकून काम करताना दोरा मधे येतो, त्याची घाण जखमेत जाते, विभूतीचा एक कण डोळ्यात पडला तर डोळा जातो. कळलं. मी काही अगदीच दगड नाही. तू बरोबर सांगतोस. आणि बायाही बरोबर सांगतात. मधे मी मेले.

म्हणून मठात गेले, थेट स्वामींपुढं. तुझं सगळं पत्र त्यांना सांगितलं, 'तमाशा' सोडून. स्वामी हसले. म्हणाले, "लिंग अंगावरून दूर होता कामा नये, हे खरं. पण गळ्यातच पाहिजे असं कुणी सांगितलं? पूजेला कुठं घेता? तळहातावर. मग त्या वेळी तळहातावर असू द्या."

मला कळेना हसू का रडू. एवढी साधी गोष्ट, आणि आपण सगळे इतकी वर्षं एकमेकांवर रुसून बसलो. दोरा काढून ठेवायचा, लिंग उकळलेल्या फडक्यात गुंडाळून डाव्या मुठीत बांधायचं. आता तरी तुझं काही म्हणणं आहे का? असलं तरी सांगू नकोस.

दुसरी गोष्ट लिहावी का नाही, याचा दोन दिवस विचार केला.

घरी येऊन अव्वाला सांगितलं, "हे मुंबईलाच कुणी सुचवलं असतं तर तू उठली नसतीस." तर ती म्हणाली, "माझं काढायला सांगितलं म्हणून मी उठले न्हाय गं. डॉक्टर हाय तो, सांगणारच. मी दिलंही असतं काढून." मग कशाला उठलीस? तिनं मला हात धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "टेबलावर निजायच्या आदी मी त्याला जवळ घेतलं. छातीवरून हात फिरवला. काहीच लागलं न्हाय. तो जन्मल्यावर मी बांधलेलं, माझ्या हातच्या दोऱ्यातलं. माझं पोरगं मोकळ्या गळ्यानं हिंडतंय आन् मी डोळे मागायला आले! मला तितं बसवेना."

शरणा, मी तुला विचारत नाही. तू मोठा झालास, तुझा गळा तुझा. पण तुझी अब्रू, तिचा अडाणीपणा, असं जे तू मनात धरून बसलास ते तसं नव्हतं, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

सुईवाला आलाय. काल दारात येऊन बसला. अंबुबाईनं कुंडलिकला ओढत आणून त्याच्यासमोर उभा केला आणि म्हणाली, "ह्याचा डोळा कुटं ठेवलास ते आदी सांग." तो सुया आवरायला लागला. पण अव्वानं त्याला हाकललं नाही. म्हणाली, "माझा पोरगा पाडव्याला येतो म्हणतोय. न्हाय आला तर तू हाईस." आणि तो देवळापाशी सुया पुसत बसलाय.

म्हणजे आता सगळं तुझ्यावर आलं. पाडवा झाला की रविवारी ये. आलास तर आलास.

अक्का


ता. २१ मार्च १९३४

चि. शरणप्पास आशीर्वाद. (दिला बघ.)

तू सोमवारी सकाळच्या गाडीनं गेलास आणि मागं इथं आमचं राज्य सुरू झालं. सगळ्या बाया दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून ओळीनं आडव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. हसायचं नाही म्हटलं की अंबुबाईला काय काय आठवतं! काल सासूची नक्कल करायला लागली, तशी मी तिच्या तोंडावर हात ठेवला. कल्लप्पा डॉक्टर दोन वेळा येऊन बघतात, तू सांगितल्याप्रमाणे करतात. घाबरत घाबरत करतात, पण करतात. कुणाचा डोळा ठणकत नाही, घाण नाही. सुईवाला दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळून गेला.

रविवारची सकाळ आठवली की मला अजून हसू येतं. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, विभूती नाही म्हणजे नाही. आणि तू हात धुऊन आत येतोस तर बाया न्हाऊन माखून, कपाळाला तीन तीन पट्टे ओढून ओळीनं बसलेल्या! त्यात पहिली अव्वा. आंघोळ झाली की हात आपोआप जातो रे, त्याला ती तरी काय करणार? तू असा लालबुंद झालास, मला वाटलं गेला हा आता स्टेशनवर. पण तू ओलं फडकं घेतलंस आणि स्वतः एकेकीचं कपाळ पुसत गेलास. अव्वाचं पुसलंस तेव्हा म्हणालास, "अव्वा, लहानपणी तू माझं असंच पुसायचीस." मग तिचं लिंग मुठीत ठेवून तू फडकं बांधलंस आणि पुन्हा जाऊन हात धुतलेस. खोलीतल्या सगळ्या बायांनी मुठी पुढं केल्या. सगळ्यांना डॉक्टरनंच बांधलेलं पाहिजे होतं.

अव्वा रोज सकाळी आडव्या आडवंच पूजा करते. मी तळहातावर पाण्याचा थेंब सोडते, ती अंगठा फिरवते. "दिसत नसलं तरी काय अडत न्हाय," म्हणते.

तू कोठीच्या मागच्या पडवीत भाकरी आणि शेंगाचटणी खाताना मला जे सांगितलंस, ते मी तिला सांगितलेलं नाही. तुझं लिंग तू टाकलं नाहीस, दोरा तुटला म्हणून डबीत ठेवलंस, बाजारचा विकतचा दोरा घालवेना आणि वळून देणारं तिथं कुणी नव्हतं, मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मला तर ऐकून तुला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तुझ्या तोंडात घास होता. तिला मात्र तूच सांग. मी मधे पडणार नाही.

तू गेल्यावर तिनं मला विचारलं, "गौरा, त्याच्या गळ्यात काय होतं का गं?" मी म्हटलं, "गुंड्या लावलेल्या होत्या, दिसलं नाही." तिनं 'बरं' म्हटलं.

रविवारी लवकर ये. पट्ट्या तुझ्या हातानंच सुटल्या पाहिजेत.

अक्का


ता. १२ मे १९३४

चि. शरण, अनेक आशीर्वाद. अव्वाचेही. ती शेजारीच बसली आहे आणि मी काय लिहिते ते वाकून बघते आहे. वाचता येत नाही, तरी बघते. बघायचंच इतकं वेड लागलंय.

चष्म्यांचं पार्सल काल आलं. केवढ्या जाड काचा रे! अव्वानं चष्मा घातला आणि तिचे डोळे मोठे मोठे दिसायला लागले. पट्टी सोडली त्या दिवशी तिला नुसतं धुरकट दिसलं होतं, तरी तिनं पहिल्यांदा काय बघावं? आम्हाला वाटलं, मुठीतलं लिंग बघेल. तर तुझ्याकडं बघून ओरडली, "अगं बाई, शरणाचे केस पिकले की!" तू खिडकीकडं वळून उभा राहिलास, आठवतं ना? कालही तिचं तसंच. चष्मा लावून तिनं आधी भिंत बघितली, मग चूल, मग मी. माझ्याकडं बघतच राहिली. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "गौरा, तू कवा म्हातारी झालीस? मला सांगितलं न्हाईस." मी तिला तांदळाचं सूप दिलं आणि म्हटलं, आता नीट निवड.

अंबुबाईनं चष्मा घालून कोठीचे राहिलेले कोपरे खरंच चुन्यानं भरले. कुंडलिकचा गेलेला डोळा काही येणार नाही, पण दुसरा तू बघतो म्हणालास म्हणून तो रोज विचारतो. अक्कलकोटच्या बाजूनं माणसं यायला लागली आहेत. कानडी बोलतात, खोलीत शिरताच आपली भाषा ऐकून त्यांचं तोंड उजळतं. कल्लप्पा डॉक्टर आता 'मुंबईस न्यावे' लिहीत नाहीत. 'शरणप्पा येतील त्या रविवारी यावे' असं लिहितात. तू दर महिन्याला येतो म्हणालास ना, ते मी सगळ्या पेठेत सांगून बसले आहे. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही तुला.

आज सकाळी अव्वा मला म्हणाली, "सूत काढ." मी विचारलं, कुणाच्या घरी मूल झालं? "काढ तर." पेटीतून सूत काढलं. तिनं चष्मा नाकावर घट्ट बसवला, पदर मोजले, सुटे केले. मग म्हणाली, "शरणाच्या डबीतलं किती दिवस बिनदोऱ्याचं राहणार?"

मी चाटच पडले. तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, "पडवीच्या आन् खोलीच्या मधे एक कुडाची भिंत. माझे डोळे बांधले होते, कान न्हाय बांधले."

म्हणजे मी गुंड्यांचं खोटं सांगितलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं! आणि 'बरं' म्हणाली होती. बघ ही बाई.

दोरा या पाकिटात घातला आहे. घालायचा की नाही, कधी घालायचा, हे तुझं तू ठरव, ती विचारणार नाही. तिनंच हे लिहायला सांगितलं आहे. कामाच्या वेळी गळ्यातून काढून कमरेला बांध, तेही तिनंच सांगितलं आहे.

एका ठिकाणी पीळ जरा सैल झाला आहे, तिला तो दिसला आणि लई वाईट वाटलं. पुन्हा वळूया म्हणाली, मी नको म्हटलं. त्याचं असं झालं की अंगणात सूत ताणलं तेव्हा एक टोक मी धरलं, दुसरं धरायला कुणी नव्हतं, म्हणून दाराच्या कडीला बांधलं. अव्वा मधे बोट घालून उभी राहिली आणि किती तरी वेळ त्या कडीकडंच बघत होती.

मी म्हटलं, "काय गं? कडीनं नीट धरलंय की."

"धरलंय," ती म्हणाली. "पण सोडून पळत न्हाय ती."

तुझी अक्का
गौरम्मा